टर्बोखालचा पाइप

ओशिवऱ्याच्या गॅरेजात कल्पिता एका जुन्या टायरवर बसली होती. मांडीवर सव्वा वर्षाची राधा, खांद्यावर तिचं ओलं फडकं, आणि नजर समोरच्या ट्रककडे. खंडू मिस्त्रीने कॅबिन पुढे कलंडवली होती, त्यामुळे एरवी सीटखाली दडलेलं इंजिन पार उघडं पडलं होतं. रोज पहाटे आपण या एवढ्या धुडावर बसून जातो, आणि ऊब मिळावी म्हणून त्याच्याच झाकणाला लागून राधाची दुपटी अंथरतो, हे तिला आज पहिल्यांदा डोळ्यांनी दिसत होतं.

"वहिनी, चहा सांगू का?"

"नको. तुम्ही आधी ते बघा ना."

"बघतोय की. इंजिन काय पळून जात नाही," खंडू म्हणाला आणि पाना घेऊन आत वाकला.

ट्रक तिच्या नवऱ्याचा, निमेशचा. वर्सोव्याच्या बंदरावर मासळी भरायची आणि वाटेतले बाजार करत बोरिवलीपर्यंत पोचवायची, हा त्याचा रोजचा धंदा. बोरिवलीच्या बाजारात त्याच्या आईचा, पुतळाबाईंचा मासळी विकायचा ओटा होता. दिवाळीनंतर पुतळाबाई बंदरावर घसरल्या, मांडीचं हाड मोडलं आणि त्या खाटेला खिळल्या. ओटा रिकामा ठेवला की शेजारणीची टोपली आधी कडेला येते, मग मधोमध येते, हे कोळीवाड्यात कुणी कुणाला सांगावं लागत नाही. म्हणून खारदांड्याहून लग्न होऊन आलेली, बी.एस्सी. होऊन लॅबमध्ये नोकरी केलेली कल्पिता सासूच्या ओट्यावर बसायला लागली. राधा अजून अंगावर पीत होती. तिला कुठे ठेवणार? तीही ट्रकमधून यायला लागली.

सुरुवातीला राधा कॅबिनमध्ये नुसता धुमाकूळ घालायची. गिअर ओढ, निमेशच्या कानात बोट घाल. मग हळूहळू ती गप्प झाली. ट्रक अंधेरीच्या बाहेर पडेपर्यंत तिची मान कलायची आणि बोरिवलीला उठवली तरी डोळे उघडायचे नाहीत. उघडले की उलटी. घरातले खूश होते. पोर कशी शहाणी झाली, गाडीत बसली की झोपते! डॉक्टर म्हणाले, व्हायरल असेल, सध्या सगळ्यांनाच आहे. कल्पिता म्हणाली, रोज सकाळी येणारा आणि दुपारी जाणारा व्हायरल मी कुठे वाचला नाही. डॉक्टर हसले. "पहिलं मूल ना?" त्यांनी विचारलं.

तिचंही डोकं दुखायचं. ओट्यावर बसल्यावर तासभर गिऱ्हाइकाचा आवाज लांबून आल्यासारखा यायचा. जागरण आहे, दमलोय, अजून काय, असं तिने स्वतःला बरेच दिवस समजावलं. पण एका सकाळी राधाचं नाक पुसताना कापूस करडा निघाला. चुलीचा धूर नाही, उदबत्ती नाही, मग हे काय? तिने त्या दिवशी कॅबिनभर पांढरं फडकं फिरवलं. इंजिनाच्या झाकणाच्या फटीशी ते काळं झालं. आणि थंडीचे दिवस म्हणून, पोरीला वारा लागू नये म्हणून, दोन्हीकडच्या काचा तीच रोज हाताने वर करत होती.

तिने ते फडकं निमेशला दाखवलं. तो हळूच म्हणाला, "डोकं माझंपण दुखतं गं. मला वाटलं चष्मा लागला."

"आणि तू बोलला नाहीस?"

"तू आधीच एवढी टेन्शनमध्ये असतेस ना यार."

तर आज धंदा बंद ठेवून ते ट्रक घेऊन इथे आले होते. सोबत सासरेही आले होते. रामचंद्र. उभं आयुष्य बोटीवर इंजिन सांभाळण्यात गेलेलं. हाताच्या रेषांत बसलेलं काळं ऑइल आता अंघोळीनेही जायचं नाही. ट्रकचं इंजिनही आपल्याच देखरेखीखाली असल्यासारखे ते कंबरेवर हात ठेवून खंडूच्या पाठीशी उभे होते.

"टर्बोखालचा डाऊनपाइप असणार," खंडू आतूनच म्हणाला. "टर्बोतून धूर निघतो ना, तो खाली सायलेन्सरकडे नेणारा पाइप. हे काय गुंडाळलंय पण याला?"

"ते मी बांधलंय," रामचंद्र म्हणाले. "पावसाळ्यात जरा फुसफुसत होता. अस्बेस्टॉसची दोरी, वर गोणपाट, वर तार. हलणार नाय. बोटीवर आमी असंच बांधतो."

खंडूने पक्कड लावून तार कापली. गुंडाळी एकेक पदर सुटत गेली. बांधली मात्र सुरेख होती. दोरीचा वेढा वेढ्याला चिकटून, कुठे फट नाही, गाठ आत दाबलेली. कल्पिताला माहीत होतं, म्हातारा बोटीचं काही बांधायला बसला की बंदरावरची पोरं बघायला थांबत. शेवटचा पदर निघाला आणि खाली पाइपाला बोटभर लांब चीर दिसली. चिरेच्या दोन्ही अंगांना काजळीची जाड साय.

खंडूने कापलेली तार बाजूला टाकली.

"काका," खंडू म्हणाला, "दोरीने आवाज दबला. धूर नाही दबला. तो दोरीतून झिरपत वर गेला, सरळ कॅबिनमध्ये."

"बोटीवर पण झिरपतो. काय होतं त्याने? चाळीस वर्षं मी त्याच्या शेजारी बसलोय."

"बोटीवर वारा आहे, बाबा," कल्पिता म्हणाली. आवाज चढवायचा नाही असं तिने ठरवलं होतं. चढला नाही, पण फाटला. "इथे पत्र्याच्या डब्यात काचा लावून बसतो आम्ही. ही बसते."

रामचंद्रांनी राधाकडे पाहिलं. मग जमिनीवर पडलेलं गोणपाट उचललं, घडी घातली आणि बाहेर रस्त्याच्या कडेला जाऊन उभे राहिले.

काम सोपं नव्हतं. टर्बोच्या तोंडाशी पाइप चार नटांवर बसतो, आणि चारही नट गंजून एकजीव झाले होते. खंडूने आधी तेल सोडलं, मग पान्याला लोखंडी नळी लावून जोर केला. पहिला नट निघाला. दुसरा स्टडसकट, म्हणजे तो बसतो त्या आट्याच्या दांड्यासकट तुटला. तिसऱ्याचंही तेच.

"गाडी धुता कशाने?" त्याने घाम पुसत विचारलं.

"खाडीच्या पाण्याने," निमेश म्हणाला. "बंदरावर नळाला पाणी कुठेय? माल उतरवून परत आलो की लगेच पंप लावतो. वास राहिला तर दुसऱ्या दिवशी कोणी माल भरू देत नाही."

"म्हणजे इंजिन गरम असताना खारं पाणी. वरून बर्फाचं गळतं ते वेगळं." खंडूने तुटका स्टड हातावर घेऊन त्याला दाखवला. "निमेशभाऊ, तुमच्या घरात सगळे या गाडीला होडीच समजतात काय? तडकणार नाही तर काय होईल पाइप?"

निमेश ओशाळं हसला. कल्पिताला हसू आलं नाही. राधा पेंगत होती, आणि आजकाल ती पेंगली की कल्पिता तिला जागं करायची. गुदगुल्या करायची, पाणी पाजायची, पुन्हा उठवायची. लेकराची झोप मोडणारी आई, तिला स्वतःचीच चीड आली.

तुटके स्टड ड्रिल मारून काढण्यात दुपार गेली. मग नवा पाइप आला, चकचकीत, कोपरात दुमडलेल्या हातासारखा. खंडूने नवं पॅकिंग लावून तो वरच्या तोंडाशी धरला तर खालचं टोक सायलेन्सरच्या तोंडापासून बाजूला गेलं. खाली बसवला तर वर फट.

"ओढून बसेल," निमेश म्हणाला. "मी खाली धरतो, तू वर आवळ."

"ओढून बसवला तर महिन्यात तडकेल. थांब." खंडूने सायलेन्सर धरून ठेवणारी पट्टीच सैल केली. मग सगळे नट नुसते बोटांनी लावले, पाइप हलवून हलवून दोन्ही तोंडं समोरासमोर आणली, आणि एक नट थोडा, समोरचा थोडा, पुन्हा पहिला, असं करत आवळत गेला. कल्पिता उठून जवळ येऊन उभी राहिली. फटीत कागद जातो का तेवढं फक्त तिने विचारायचं बाकी ठेवलं.

इंजिन सुरू झालं. खंडूने जोडाजवळून तळवा फिरवला. "काही नाही. एकदम ओके."

"साबणाचं पाणी लावून बघा ना. गरम व्हायच्या आत."

"वहिनी, हात फिरवला ना मी."

"बघा ना. माझ्यासाठी."

खंडूने निमेशकडे पाहिलं. निमेशने खांदे उडवले, म्हणजे माझंही चालत नाही. मग खंडूने खरंच मग्यात साबण कालवला आणि ब्रशने जोडाला फासला. "घ्या, बाळंतिणीसारखी अंघोळ घातली." तिघेही वाकून बघत राहिले. एकही बुडबुडा आला नाही.

"एक लक्षात ठेवा," कॅबिन पुन्हा जागेवर बसवताना खंडू म्हणाला. "नव्या पाइपाला तेल लावलेलं असतं. उद्या ते जळेल, थोडा वास येईल. घाबरून मला फोन नका करू."

दुसऱ्या दिवशी पहाटे ट्रक बंदरावरून निघाला तेव्हा कल्पिताने आपल्या बाजूची काच चार बोटं उघडी ठेवली होती. मागे बर्फात बोंबील आणि कोळंबी. मांडीवर राधा, कानटोपीत, जागी. वास येत होता. तेलाचाच असणार. खंडूने सांगितलं होतं ना? जोगेश्वरी गेली. वास वाढला. हा तेलाचा नव्हता. काहीतरी करपत होतं, ओलं लाकूड करपावं तसं.

"निमेश, थांब."

"अगं, तेल जळतंय. तो बोलला ना."

"थांब म्हणते ना."

"हायवेवर कुठे थांबू? मालाला उशीर होतोय, बोरिवलीवाले बोंब मारतील."

"मारू दे."

तिने तिसऱ्यांदा सांगितलं नाही. एका हाताने राधाला छातीशी धरलं आणि दुसरा दाराच्या कडीवर ठेवला. निमेशने तो हात पाहिला आणि शिवी गिळून ट्रक कडेला घेतला. गोरेगावच्या अलीकडे, दुभाजकाला रंग देणाऱ्या माणसांच्या थोडं पुढे. ती उतरून वीसेक पावलं लांब जाऊन उभी राहिली. गाड्या सूं सूं करत जात होत्या. नवरा चिडलाय, बर्फ वितळतोय, ओट्यावर शेजारणीची टोपली आलीच असेल. आणि खाली नुसतं तेलच निघालं तर? तर घरात, बाजारात, खंडूच्या गॅरेजात वर्षभर हसतील. हसू देत, असं तिने मनाशी म्हटलं आणि राधाची कानटोपी नीट केली.

निमेश चाकाच्या कमानीखाली टॉर्च घेऊन वाकला. बराच वेळ वाकलेलाच राहिला. मग ओरडला, "अरे वाट लागली! धूर येतोय!"

तो मागे धावला आणि बर्फाच्या पाण्याची बादली घेऊन आला.

"पाणी नको!" कल्पिता लांबूनच किंचाळली. "पाइप तडकेल! निमेश, पाणी नको!"

बादली त्याच्या हातात तशीच हिंदकळली. मग त्याने ती ठेवली, बर्फाच्या लाद्या ओढायचा आकडा आणला आणि खालून काहीतरी हिसडून काढलं. धुमसणारं गोणपाट रस्त्यावर पडलं. निमेश त्याच्यावर बुटांनी नाचला. ते विझलं तेव्हा दोघांनीही जवळ जाऊन बघितलं. वेढ्याला वेढा चिकटून. गाठ आत दाबलेली.

"बाबा," निमेश म्हणाला. त्याने डोक्याला हात लावला. "कधी बांधलं यांनी?"

राधाने तेवढ्यात कल्पिताचं मंगळसूत्र तोंडात घातलं होतं. पोर अजून जागी होती, हे बराच वेळ झाल्यावर कल्पिताच्या लक्षात आलं.

दुपारी ती घरी आली तेव्हा रामचंद्र पडवीत बसले होते. निमेशने फोनवर आधीच सगळं सांगितलं असणार, कारण त्यांनी मान वर केली नाही. आतून पुतळाबाईंचा आवाज येत होता. "सांगा ना आता सुनेला! काल पोरगा झोपला तसे टॉर्च घेऊन गेले, मी बोललं, कुठं जाताव, तर बोलले गप बस. म्हातारचळ लागलाय!"

कल्पिताने राधाला खाली सोडलं आणि समोर पायरीवर बसली. अंगाला माशांचा वास, पाठीत कळ. वाटभर तिने काय काय बोलायचं ते जुळवलं होतं. आग लागली असती. पोर होरपळली असती. तुम्ही कोण समजता स्वतःला? आता समोर बसल्यावर त्यातलं काही काढायला अंगात बळच नव्हतं.

"का बांधलंत, बाबा?"

"पाइप उघडा होता गो." ते अंगणाकडे बघत बोलले. "बोटीवर उघडा पाइप कुणी ठेवत नाय. माझ्या भावाची, अनंताची, पोटरी भाजली होती तशा पाइपाने. आयुष्यभर पँट नाय घातली त्याने आखूड. तो मिस्त्री उघडाच ठेवून गेला. ही त्याच्यावरच झोपते ना? पत्रा तापेल, पोरीचे पाय..." ते थांबले. "गोणपाटाला डिझेल लागलंय ते दिसलं नाय मला. वासपण नाय आला. वास मला आता कशाचाच येत नाय."

हे तिला माहीत नव्हतं. घरात कुणालाच नसावं, कारण आत पुतळाबाई एकदम गप्प झाल्या.

कल्पिताने स्वतःच्या हातांकडे पाहिलं. याच हातांनी ती रोज काचा वर करायची.

"तुम्ही त्या कॅबिनमध्ये कधी बसलाय?" तिने विचारलं.

"मी कशाला बसू? मी मागे बसतो, मालावर. आत जीव घुसमटतो."

"उद्या बसा. आत. आमच्याबरोबर बोरिवलीपर्यंत चला."

"आणि करू काय तिथे? वास मला येत नाय, सांगितलं ना."

"वास मी घेईन. तुम्ही राधाला घ्या. तिच्या पायाखाली हात ठेवा, पत्रा तापला तर तुम्हाला आधी कळेल. आणि बाबा, त्या पाइपाला यापुढे कुणी हात लावायचा नाही. लावायचाच असला तर मला उठवून विचारायचं. मी झोपले असले तरी."

रामचंद्रांनी पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. म्हणाले, "तू झोपतेस कवा?"

पुढच्या पहाटे कॅबिनमध्ये गर्दी झाली. स्टिअरिंगवर निमेश, मध्ये कल्पिता, खिडकीशी रामचंद्र, त्यांच्या मांडीवर राधा. ट्रकमध्ये चढताना त्यांनी चपला काढल्या, जसं बोटीवर चढताना काढतात. काच त्यांनी स्वतःच अर्धी उतरवली. मग अनवाणी तळवे पत्र्यावर टेकवून असे बसले की जणू सगळं इंजिन पायांनी ऐकतायत. एक हात राधाच्या पायांखाली, दुसरा तिच्या छातीवर.

"येतो काय वास?" त्यांनी अंधेरीला विचारलं.

"नाही."

"आता?"

"नाही, बाबा."

"नीट घे. घाईत नको सांगू."

तिने खोल श्वास घेतला. खाऱ्या वाऱ्याचा, माशांचा, म्हाताऱ्याच्या अंगच्या तंबाखूचा वास. अजून एक घेतला. राधाने आजोबांच्या सदऱ्याचं बटण उपटायला घेतलं होतं आणि ते तिला दटावत होते, "ए बाय, सोड, आजीला शिवायला लागेल." कल्पिताने जोगेश्वरीचा पूल येताना बघितला. पुढचा बघितला नाही.

"कल्पू! ए कल्पू! कल्पिता!"

कुणीतरी तिला गदागदा हलवत होतं. ट्रक कडेला उभा होता. निमेशचा चेहरा अगदी तोंडाजवळ, डोळे विस्फारलेले. "उठ ना! डोकं दुखतंय? श्वास घे! बाबा, ते दार उघडा आधी, दार उघडा!"

"काय झालं?" तिच्या तोंडाला कोरड पडली होती. मान अवघडली होती, गालावर सासऱ्यांच्या सदऱ्याच्या शिलाईचा वळ उठला होता. पहिल्यांदा तिने राधाला शोधलं. राधा जिथे होती तिथेच होती, टकाटका बघत, तोंडात आजोबांच्या सदऱ्याची कड, तिथलं एक बटण गायब.

"तू बेशुद्ध पडलीस!" निमेश म्हणाला. "कधीपासून हाका मारतोय!"

"मी याला मघापासून सांगतोय," रामचंद्र म्हणाले. खांदा त्यांनी अजून हलवला नव्हता. "झोपलीय ती. घोरत होती. बेशुद्ध माणूस घोरतो काय रे?"

"मी घोरत नाही," कल्पिता म्हणाली.

"घोरतेस गो. बारीक. बटण मी तिच्या तोंडातून काढलंय, हे बघ." त्यांनी मूठ उघडून दाखवली. "पत्रा गार हाय. पोरीचे पाय गार हायत. चल रे, गाडी काढ."

कल्पिताने तरी एकदा हात लावून बघितलाच. राधाचे पाय खरंच गार होते. तिने फडकं त्यांच्यावर ओढलं.

"कुठे आलो?"

"कांदिवली," निमेश म्हणाला. तो अजून धापा टाकत होता.

"मग बोरिवली यायची आहे ना अजून," ती म्हणाली आणि डोकं पुन्हा त्याच खांद्यावर टाकलं. "झोपू दे ना रे जरा."